एकाचा फरक

कोकणात गणपती किती दिवसांचा, या प्रश्नाचं उत्तर घरागणिक वेगळं. कुणाचा दीड दिवसाचा, कुणाचा पाच दिवसांचा, कुणाचा गौरीबरोबर जाणारा. पण जो अनंत चतुर्दशीपर्यंत राहतो, त्याच्याबद्दल एकाच घरात दोन उत्तरं ऐकू येतात. आजोबा म्हणतात दहा दिवसांचा, नातू म्हणतो अकरा. तिथीच्या क्षयवृद्धीची भानगड क्षणभर बाजूला ठेवू. मूर्ती चतुर्थीला पाटावर बसली, चतुर्दशीला उठली. चौदातून चार गेले, दहा उरले. आणि बोटं मिटत मोजायला बसलात, चतुर्थीलाच पहिलं बोट मिटलंत, तर अकरा. दोघंही चुकत नाहीत. एक जण मधे किती दिवस सरले ते सांगतो, दुसरा मूर्ती किती दिवस घरात होती ते.

आपल्या भाषेत या दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी नांदतात. आठवड्यात दिवस सात, नाव मात्र आठावरून. या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत दोन्ही बाजारदिवस धरून मोजा, आठ भरतात. काजूच्या बागेला शंभर फूट सरळ कुंपण घालायचं आणि दर दहा फुटांवर खांब रोवायचा, तर खांब अकरा लागतात, गाळे दहा होतात. दहाच खांब आणले तर शेवटचा गाळा उघडा राहतो, आणि गुरांना तो बरोबर सापडतो.

व्यवहारात आपण हे सांभाळून घेतो, कारण समोरच्याला काय म्हणायचं आहे ते आपल्याला कळतं. संगणकाला ते कळत नाही. तो सांगितलेला आकडा तंतोतंत पाळतो. म्हणून प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्यांच्या हातून वारंवार होणारी चूक ही एकाची आहे.

देवरूखला मी बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता निवृत्त आहे, पण सुटीत कॉलेजातली मुलं अजून ओटीवर येऊन बसतात. अशाच एका मुलाने पायथन या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून आणला होता. शुद्ध पक्षातल्या तिथीचा आकडा द्यायचा, पडद्यावर नाव उमटायचं. त्याने प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा नावांची यादी केली होती. अशा यादीला त्यांच्या भाषेत अ‍ॅरे म्हणतात, पायथनमध्ये लिस्ट. टपाल कार्यालयात पत्रं वेगळी करायला खणांची मांडणी असते, तसे ओळीने पंधरा खण, प्रत्येक खणात एक नाव, असं समजा. त्याने चौथा खण मागितला, तर चतुर्थीऐवजी पंचमी आली. पंधरावा मागितला, तर प्रोग्रॅम जागच्या जागी थांबला आणि लाल अक्षरांत संदेश आला, ‘लिस्ट इंडेक्स आऊट ऑफ रेंज’. म्हणजे, तुम्ही मागता तो खण या मांडणीत नाही.

मुलगा हिरमुसला. म्हणाला, “सर, माझं लॉजिकच कच्चं आहे. मी हा विषय सोडतो.”

त्याचं लॉजिक कच्चं नव्हतं. त्या भाषेत पहिल्या खणाचा क्रमांक शून्य असतो, एवढंच. पंधरा खण, क्रमांक शून्य ते चौदा. हे उफराटं वाटतं, पण त्यामागे कारण आहे. संगणकाच्या स्मृतीत यादी एका ठिकाणी सुरू होते, आणि खणाचा क्रमांक म्हणजे त्या सुरुवातीपासून किती खण ओलांडून जायचं तो आकडा. पहिल्या खणासाठी काहीच ओलांडायचं नाही, म्हणून शून्य. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत यादी एकपासून सुरू होई, कारण ती सूत्रं मांडणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी होती. १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा घडवली, तिच्यात शून्य आलं, आणि पुढे तिच्या वळणाने गेलेल्या पर्ल, पायथन, जावास्क्रिप्ट या भाषांनी तेच चालू ठेवलं. ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेली लुआ मात्र आजही एकपासून मोजते. १९८२ च्या ऑगस्टमध्ये एड्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने मोजणी शून्यापासूनच का करावी, यावर एक छोटं टिपण लिहिलं. ते आजही वाचतात आणि त्यावर आजही भांडतात.

मुलाने घरी जाऊन दुरुस्ती केली. आकड्यातून एक वजा केला. पण आकडा घेताना एकदा केला आणि यादीतून नाव काढताना, आधीचं विसरून, पुन्हा केला. आता चार दिले की तृतीया आली. ती चूक दिसली तरी. खरी गंमत एक दिल्यावर झाली. एकातून दोन गेले, उणे एक. पायथनमध्ये उणे एक क्रमांकाला अर्थ आहे: यादीतला शेवटचा खण. तेव्हा प्रतिपदा मागितली आणि पौर्णिमा मिळाली. प्रोग्रॅम थांबला नाही, लाल अक्षरं आली नाहीत. आणि पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी वद्य प्रतिपदा येत असल्याने, कॅलेंडर न बघता वाचणाऱ्याला ते उत्तर एका दिवसाने हुकलेलं, जवळजवळ बरोबरच वाटावं. जावास्क्रिप्ट अशा वेळी नुसतं ‘अनडिफाइन्ड’ म्हणून पुढे जाते. बोंब मारून थांबणारी चूक मला परवडते. गुपचूप पुढे जाणारी चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

मी त्याला सांगितलं, “आता काहीही बदलू नकोस. दर वेळी यादीला हात लावण्याआधी कोणता क्रमांक मागतो आहेस तो छापून बघ. आणि मधल्या तिथी सोड, फक्त पहिली आणि शेवटची देऊन पाहा.” एकाचा फरक कडेलाच उघडा पडतो. कुंपणाचंही तसंच असतं. पाच मिनिटांत दोन्ही वजाबाक्या त्याला दिसल्या.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण मुलगा गेल्यावर माझ्या मनात आलं, की या घोळाला आपल्याकडे फार जुनी आणि नेमकी नावं आहेत. पंचांगकर्ते त्याला ‘गत’ आणि ‘वर्तमान’ म्हणतात. सरलेलं वर्ष आणि चालू वर्ष. घरातल्या बायकांना हे शास्त्र न शिकता येतं. ‘पोराला पाचवं लागलं’ म्हणजे चार पुरी झाली. पाचवं हे वर्तमान, चार हे गत. सी भाषेत त्या पोराचा क्रमांक चार.

आपण शके म्हणून जो आकडा पंचांगावर वाचतो, तो महाराष्ट्रात गत वर्षाचा आहे. इतकी वर्षं सरली, असा त्याचा अर्थ. शेजारी गतकलि छापलेलं असतं, शके अधिक ३१७९. तिथे तर ‘गत’ हा शब्दच लिहिलेला आहे. ज्योतिषाला सरलेली वर्षंच हवी असतात, कारण त्याला गुणाकार करायचा असतो. ग्रह किती चालला हे काढायचं तर किती दिवस गेले ते हवं, कितवा दिवस चालू आहे ते नव्हे. संगणक खण ओलांडतो, ज्योतिषी दिवस ओलांडतो.

इथे कोकणातल्याच एका माणसाचं नाव घेतलं पाहिजे. जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. त्यांचा ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ शके १४४२ चा, म्हणजे इ.स. १५२० चा. पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं या ग्रंथावरून होत. त्यात अहर्गण, म्हणजे सरलेल्या दिवसांची संख्या, काढायची रीत अशी: चालू शकातून १४४२ वजा करायचे, अकराने भागायचं. भागाकाराला चक्र म्हणायचं. एका चक्राचे दिवस ४०१६. उरलेल्या वर्षांचे महिने करायचे, अधिकमास मिळवायचे, गत तिथी मिळवायच्या, क्षयतिथी वजा करायच्या. हा सगळा हिशेब सरासरीचा. तिथी आणि दिवस एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे उत्तर एका दिवसाने इकडेतिकडे होऊ शकतं, हे गणेश दैवज्ञांना पक्कं माहीत होतं.

म्हणून त्यांनी पुढची पायरी दिली. चक्राला पाचने गुणा, त्यात अहर्गण मिळवा, सातने भागा. बाकी शून्य आली तर सोमवार, एक आली तर मंगळवार. (४०१६ ला सातने भागलं की पाच उरतात, म्हणून पाच.) आलेला वार प्रत्यक्षातल्या वाराशी ताडून बघा. जुळला नाही तर अहर्गणात एक मिळवा किंवा एक वजा करा. पाचशे वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ वार शून्यापासून मोजतो, आणि एकाची चूक कशी पकडायची आणि कशी दुरुस्त करायची तेही सांगतो.

यातली मेख वारात आहे. माझ्या ओटीवरचा मुलगाही एक मिळवत आणि एक वजा करत होता, पण त्याला ताडून बघायला काही नव्हतं. उत्तर बरं दिसलं की थांबायचं, एवढीच त्याची कसोटी. वाराला तुमच्या गणिताची काही पडलेली नसते. तो सात-सातच्या फेऱ्यात आपला चाललेला असतो, तिथी घसरो की महिना वाढो. त्यामुळे तो साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो.

या साक्षीदाराला घेऊन इतिहासाची दुरुस्ती करणारा माणूसही आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातला. शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३, दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. हयात गेली शिक्षण खात्यात, शिक्षक म्हणून. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा थोर मराठी ग्रंथ १८९६ साली निघाला. मराठीत त्या तोलाची पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, असं माझं मत आहे, आणि ती शाळामास्तराने लिहिली याचा मला जरा जास्तच अभिमान आहे.

त्या काळी गुप्त राजांचा काळ हा मोठा वादाचा विषय होता. चंद्रगुप्त, कुमारगुप्त यांच्या लेखांत वर्षं आहेत, पण ती वर्षं कुठून मोजायची? यादी हातात आहे, खणांवर आकडे आहेत, पण पहिला खण कोणता ते ठाऊक नाही, अशी अवस्था. एडवर्ड टॉमस म्हणत, ती शकाचीच वर्षं. अलेक्झांडर कनिंगहॅम सुरुवात इ.स. १६६ च्या सुमारास धरत. जेम्स फर्ग्युसन ३१८ म्हणत. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, मूळचे मालवणचे, तेही या वादात होते. टॉमस आणि फर्ग्युसन यांच्यात दोनशे चाळीस वर्षांचं अंतर. तेवढ्याने सगळा मधला इतिहास वरखाली होतो. आधी कोण, नंतर कोण, कुणी कुणाचं पाहून लिहिलं, देवळं कधी बांधली, सगळंच.

मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जॉन फेथफुल फ्लीट यांनी गुप्तांचे लेख संपादायला घेतले. मंदसोरला रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीने सूर्यमंदिर बांधल्याचा लेख मिळाला. त्यात कुमारगुप्ताचं नाव आणि मालव संवत ४९३. मालव संवत म्हणजेच विक्रम संवत, तेव्हा इ.स. ४३६ च्या सुमारास कुमारगुप्त राज्यावर होता. दोनशे चाळीस वर्षांचा प्रश्न सुटला. उरला एकाचा. गुप्त वर्ष मोजायचं ते ३१८-१९ पासून की ३१९-२० पासून?

मोठी चूक पुराव्याने सुटते, लहान चूक गणिताने, आणि ते गणित फ्लीटना दीक्षितांनी करून दिलं. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण इथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, आणि वार दिला आहे, गुरुवार. वाराचा उल्लेख असलेल्या आपल्याकडच्या अगदी जुन्या लेखांत हा मोडतो. अल्बेरूनीने लिहून ठेवलं होतं की गुप्तांचा काळ शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो. १६५ आणि २४१ मिळून शके ४०६, त्यात ७८ मिळवले की इ.स. ४८४. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी दीक्षितांच्या गणिताने २१ जूनला आली, आणि तो दिवस गुरुवार होता.

एक वर्ष मागे किंवा पुढे गेलं तर? चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं. सातने भागलं तर चार उरतात. अधिकमास आला तर ३८४, उरतात सहा. म्हणजे तीच तिथी पुढच्या वर्षी त्याच वारी सहसा येतच नाही. एरणच्या स्तंभावर वार कोरणाऱ्याला ही कल्पना असण्याचं काही कारण नाही, पण त्या एका शब्दाने चौदाशे वर्षांनंतर एका वर्षाचा वाद मिटवायला हात दिला. फ्लीटचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात दीक्षितांचं ऋण त्यांनी नोंदवलं आहे. पुढेही काही अभ्यासक एरणचं १६५ गत की वर्तमान यावर वाद घालत राहिले, पण ४८४ सालचा तो गुरुवार कुणी हलवू शकलं नाही.

अशी कोडी पुष्कळ होती. पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकवून मायदेशी गेलेले जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी शिलालेखांतल्या विक्रम आणि शक वर्षांच्या कितीतरी तारखा वाराशी ताडून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी गत वर्ष निघालं, पण काही ठिकाणी वर्तमान. तेव्हा ‘नेहमी एक वजा करा’ असा सरसकट नियम चालत नाही. प्रत्येक लेख सुटा तपासावा लागतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. सगळीकडे एक वजा करून ठेवणं ही दुरुस्ती नव्हे, ती नवी चूक पेरणं आहे.

शकाचं इसवी सन करताना आजही हाच सापळा असतो. देवरूख ज्या तालुक्याचं ठाणं आहे, त्या संगमेश्वरचंच उदाहरण घ्या. कसबा संगमेश्वरला संभाजीमहाराज पकडले गेले ते शके १६१० च्या माघात. ७८ मिळवा, १६८८ येतात. पण घटना आहे फेब्रुवारी १६८९ ची. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाअखेरपर्यंत साधारणपणे ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माचंही तसंच. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. नुसते ७८ मिळवणारा १६२९ वर जाऊन बसेल. जेधे शकावलीत या नोंदीला शुक्रवार जोडलेला आहे, आणि १९ फेब्रुवारी १६३० ला, त्या वेळच्या जुन्या इंग्रजी कालगणनेने, शुक्रवारच होता.

संगणकवाल्यांनी हा सापळा आपल्या हाताने पुन्हा रचला. सी भाषेत, आणि तिच्यावरून पर्लमध्ये, तारीख विचारली की वर्ष मिळतं ते १९०० पासून सरलेल्या वर्षांचं. १९९९ मध्ये ९९. म्हणजे चक्क गत वर्ष. पुष्कळांना वाटलं, हे सालाचे शेवटचे दोन आकडे आहेत. त्यांनी त्याच्यापुढे १९ चिकटवून छापलं. ९९ ला १९ चिकटवले की १९९९ दिसतं, तेव्हा वर्षानुवर्षं कुणाला शंका आली नाही. १ जानेवारी २००० ला सरलेली वर्षं झाली शंभर, आणि जगभरच्या कितीतरी पडद्यांवर साल उमटलं १९१००. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या संकेतस्थळावरही तेच. ज्या संस्थेच्या घड्याळावर तो देश आपली घड्याळं लावतो, तिची ही गत. ‘दोन हजार सालाचा किडा’ म्हणून जो गाजावाजा झाला, त्यात या प्रकाराकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. खरं तर ती आकडे साठवण्यातली चूक नव्हती. गत आणि वर्तमान यांची गल्लत होती.

जावास्क्रिप्टमध्ये, १९९५ पासून, महिने शून्यापासून आहेत आणि तारखा एकपासून. जानेवारी शून्य, डिसेंबर अकरा, पण महिन्याची पहिली तारीख एकच. याचं कारण असं देतात की महिन्यांना नावं असतात, नावांची यादी करून त्यातला खण उघडायचा असतो, तर तारखेला नाव नसतं. आपल्या तिथींना नावं आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

पर्ल भाषेत तर, यादी शून्यापासून मोजायची की एकपासून, हे ज्याने त्याने ठरवावं अशी सोय होती. एका माणसाने एक ठरवावं, दुसऱ्याने त्याचा प्रोग्रॅम शून्य समजून वाचावा, असा गोंधळ होऊ लागला. २०१९ च्या आवृत्तीत ती सोय पुरती बंद झाली.

दीक्षितांनी मात्र दोन्ही मोजण्या मानणाऱ्यांसाठी साधन करून ठेवलं. मद्रास इलाख्यातले अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी ‘इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथ केला. तोही १८९६ चा. त्यातले तक्ते इ.स. ३०० ते १९०० पर्यंतचे आहेत. ताम्रपटावर वर्ष, मास, तिथी मिळाली की तक्त्यावरून इंग्रजी तारीख आणि वार काढता येतो, आणि सुरुवातीच्या विवेचनात गत-वर्तमानाचा उलगडा आहे. दोन वर्षांनी, १८९८ साली, दीक्षित गेले. वय पंचेचाळीसही पुरं नव्हतं. आपल्या बायकांच्या भाषेत सांगायचं तर, पंचेचाळिसावं लागलेलं होतं.